रोडटच रामहरी

रामहरीच्या धनश्रीला त्या दिवशी धाप लागली ती माझ्या जीपमुळे. बॅटरी उतरलेली, एकदा बंद केली तर पुन्हा चालू होण्याचा भरवसा नाही, म्हणून मी ती त्याच्या खिडकीखाली तशीच गुरगुरत ठेवली आणि ओट्यावर चहाला बसलो. चहा निम्मा होईतो आत सहा वर्षांच्या पोरीच्या छातीत शिट्टी वाजू लागली. पण जीप माझी आणि मी रामहरीचा शाळेतला मास्तर. तो बिचारा म्हणाला, "तिनं काल पेरू खाल्ला हुता, गुरुजी."

रामहरी एवढा भिडस्त! पण घराचा विषय निघाला की भीड रस्त्यावर जायची. रानातली वस्ती सोडून त्याने कोपरगाव-शिर्डी रस्त्याला खेटून बंगला बांधला. वास्तुशांतीच्या पत्रिकेत गावाच्या नावाआधी 'रोडटच' छापलं. लोक पाहुण्यांना परसातली बाग दाखवतात, हा खिडकीतून ट्रक दाखवायचा. वर सहा महिने खेटे घालून दारासमोर गतिरोधक बसवून घेतला, कारण गाड्या हळू झाल्याशिवाय लोकांना बंगल्याचं नाव वाचता येईना! तेव्हापासून उसाचा प्रत्येक ट्रॅक्टर, भक्तांची प्रत्येक बस त्याच्या खिडकीशी दबायची आणि पुन्हा जोर धरताना काळ्या धुराचा लोट आत सोडून जायची. नाव कुणी वाचलं की नाही, देव जाणे.

पोरीचा पेरू बंद झाला, दही बंद झालं, तरी शिट्टी चालूच. मग रामहरीच्या आईने, दगडाबाईने, मिरच्या जाळून दृष्ट काढली. ठसका आला नाही तर दृष्ट लागलेली, असा तिथला कायदा. इथे तर अख्खं घर खोकत अंगणात आलं.

"दिष्ट न्हाई," म्हातारीने डोळे पुसत निकाल दिला. "दवाखान्यात न्या."

डॉक्टरीणबाईंनी छाती तपासली, पंप लिहून दिला आणि विचारलं, "घर रस्त्यापासून किती लांब?"

"रोडटच!" रामहरीची मान ताठ.

"अहो, मग औषध एकटं काय करील? लेकरू दिवसभर गाड्यांचा धूर ओढतंय. रस्त्यापासून लांब ठेवा तिला."

"पुन्यांदा सांगा, मॅडम," त्याची बायको सविता म्हणाली. "जरा मोठ्यानं. ट्रक मोजून मोजून यांचे कान गेलेत."

रामहरीने तरी चार दिवस खिडक्या लावून, पडदे ओले करून पाहिलं. पाचव्या दिवशी धनश्री चेंडूमागे धावली, दहा पावलांवर खाली बसली आणि खांदे उडवत श्वास ओढू लागली. ओठ निळसर. सविताने पंप दिला, पोर सावरली. रामहरी रस्त्याकडे पाठ करून उभा राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पोत भांडीकुंडी चढवून सगळी रानातल्या पत्र्याच्या खोल्यांत परतली.

दोन महिन्यांनी मी माझ्या नातवाला घेऊन वस्तीवर गेलो. धनश्री शेळीच्या करडामागे बांधावरून पळत होती. पंप खुंटीला होता, पण रोज लागत नव्हता. रामहरी घास कापत होता. मला राहवलं नाही.

"काय रे हे, रामहरी! एवढा लाखमोलाचा रोडटच बंगला कुलूप लावून ठेवतोस?"

त्याने विळा थांबवला नाही.

"मग नातवाला घिऊन तुमीच ऱ्हावा की तितं, गुरुजी."