उघड्या खांद्यांचे मास्तर

मातीवाल्या मावशींनी बावीस वर्षं लोकांच्या छतांवर प्लास्टरची वेलबुट्टी केली. लोकांनी मान वर करून ती पाहिली, पण ती कुणी केली हे विचारायला कुणाची मान खाली आली नाही. म्हणून पोहण्याच्या तलावासमोर मास्तरांचा अर्धपुतळा करायचं काम मिळालं, तेव्हा मावशी हरखून गेल्या. मास्तरांना जाऊन वर्ष झालं होतं. अर्ध्या शहराला त्यांनी पोहायला शिकवलं होतं.

समितीनं एकच फोटो दिला. जुन्या निगेटिव्हवरून मोठा करून घेतलेला. ओले केस मागे सारलेले, खांदे उघडे.

दोन महिन्यांत मातीचा चेहरा तयार झाला. सोमवारी साचा घ्यायचा ठरला, म्हणून शुक्रवारी मावशींनी मास्तरांच्या पत्नीला बोलावलं. काकूंनी पुतळ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या.

"छान आहे हो. पण हे ते नाहीत."

"काय चुकलं?"

"तेच तर सांगता येत नाही. यांच्या भावासारखा कुणीतरी वाटतो. आणि यांना भाऊच नव्हता!"

मावशींनी फोटो पुन्हा पुतळ्याशेजारी धरून पाहिला. जन्मात पहिला पुतळा, आणि बायकोलाच नवरा ओळखू येईना!

समितीचे अध्यक्ष म्हणाले, "अहो, बायकांना नवरा कधी पसंत असतो का? घ्या साचा!"

मावशींना चैन पडेना. शनिवारी त्यांनी काकूंना पुन्हा बोलावलं, आणि तीस वर्षं मास्तरांचे केस कापणाऱ्या सलूनवाल्यांनाही. ते दारातच थबकले.

"अरे, मास्तर! तंतोतंत! आता म्हणतील, हळू रे, कान माझाच आहे."

काकू उसळल्या. "तुम्ही त्यांचं डोकं पाहिलंत. तोंड मी पाहिलंय, चाळीस वर्षं!"

"मीही तोंडच बघायचो, वहिनी. समोरच्या आरशात. माझ्याकडे वळून बोलले असते, तर कान खरंच गेला असता."

मावशी जागच्या उठल्या. भिंतीवरचा आरसा काढून त्यांनी पुतळ्यासमोर धरला. "काकू, यात बघा."

काकूंनी पाहिलं आणि हात तोंडावर नेला. "अगं बाई! हेच ते!"

फोटो उलटा छापला गेला होता. अंगात शर्ट असता तर गुंड्यांनी चोरी पकडून दिली असती. उघड्या खांद्यांवरून कसलं डावं-उजवं कळणार?

अध्यक्ष वैतागले. "पण कुणाच्या लक्षात येणार आहे?"

"काकूंच्या," मावशी म्हणाल्या. "आठ दिवस द्या. साचेवाल्याला मी सांगते."

माती काही सदऱ्यासारखी उलटी करता येत नाही. मावशींनी उजव्या भुवईतली खाच बुजवून डावीत कोरली. नाकाचा कल फिरवला. जरा पुढे आलेला कान कापून काढला आणि दुसऱ्या बाजूला नव्यानं घडवला. ओठाची वर गेलेली कड मात्र तीनदा मोडली. बावीस वर्षांत त्यांच्या फुलापानांनी कधी अशी थट्टा केली नव्हती.

नवव्या दिवशी काकू आल्या. या वेळी फेरी मारलीच नाही. सरळ समोर जाऊन उभ्या राहिल्या, पदर सावरला आणि म्हणाल्या, "मोरीतला नळ परत गळायला लागलाय. कालपासून."

मग मावशींकडे वळल्या. "घ्या साचा."

मावशींनी मातीचे हात फडक्याला पुसले आणि साचेवाल्याला फोन लावला.