बी न धरलेला हॉप

निवृत्तीनंतर वनस्पतिशास्त्राच्या माणसाला कोणी विचारत नाही, असं मला वाटत होतं. हातकणंगल्याजवळ शेती करणाऱ्या माझ्या मेव्हण्याने तो समज खोटा ठरवला. त्याने हिमाचलातून हॉपचा वेल आणून घरामागे तारेवर चढवला होता. बिअरला कडवटपणा येतो तो याच्या बोंडांमुळे. आमच्या उन्हात तो रडतखडत वाढला.

एकदा जेवताना मी बोलून गेलो की हॉप आणि भांग चुलत भावंडं. दोघांतही नर झाड वेगळं, मादी वेगळी. त्याचा वेल मादी. तेवढं त्याला पुरलं. वेलाला फुलं आली तसा ओढ्याकाठच्या रानभांगेचा पराग काडेपेटीत आणून त्याने त्यांवर झटकला. भांगेचा काटकपणा हॉपमध्ये उतरेल, ही त्याची अटकळ. आणि बी धरायच्या आधीच चौकात डिजिटल फलक लागला: 'नव्या संकरित वाणाचे जनक'. फोटोत तो गॉगल लावून. रविवारी गावाची शिवारफेरी आणि सत्कार.

शनिवारी मी भिंग घेऊन गेलो. बोटाच्या पेराएवढी बोंडं एकेक करून उकलली. आत पिवळी, उग्र वासाची भुकटी होती. बी एकातही नव्हतं.

"दाजी, 'शक्यता हाय' एवढं तरी म्हणा की," तो हळूच म्हणाला. "गाव हसंल."

"नातं आहे, पण संकर होण्याइतकं जवळचं नाही. या दोघांचा संकर जमल्याचं माझ्या तरी वाचनात नाही."

"मग जेवताना का न्हाय सांगितलं?"

"भाजी चांगली झाली होती," मी म्हणालो.

रविवारी मी जरा मागेच उभा राहिलो. तो वेलापाशी गेला आणि घसा खाकरून म्हणाला, "मंडळी, डिजिटल लई लौकर लागलं. बी धरलं न्हाय."

मग एका म्हाताऱ्याने विचारलं, "चूक कुणाची म्हणायची? वेलाची का भांगंची?"

"माझी."

सगळे हसले, तोही हसला. मग म्हाताऱ्याने स्वतःच्या पपईची गोष्ट काढली: हौसेने लावलेली सगळी झाडं नर निघाली होती. दुसऱ्याने न जगलेलं द्राक्षाचं कलम सांगितलं, तिसऱ्याने बायकोपासून लपवून लावलेलं आणि न उगवलेलं केशर. सत्कार राहूनच गेला. चहा मात्र तीनदा झाला.