दिवस जाण्याआधीच्या गोळ्या

माझी पहिली मुलगी पाठीचा कणा उघडाच घेऊन जन्मली आणि त्याच दिवशी गेली. मला तिची पाठ कुणी दाखवली नाही. पाहिली ती फक्त सासूने. वाडीने मात्र निकाल लावून टाकला: हिने ग्रहणात सुरमई चिरली. आम्ही मासे विकणारी माणसं, चिरणार नाही तर काय पूजा करणार? पण कोयता हातात घ्यायच्या आधी मी आभाळाकडे बघायला लागले.

मालवणच्या डॉक्टरीणबाईंनी ग्रहण उडवून लावलं. बाळाचा कणा दिवस गेल्याचं कळायच्या आधीच घडतो, म्हणून फॉलिक ॲसिडच्या गोळ्या निदान दोन-तीन महिने आधीपासून घ्यायच्या, असं त्यांनी बजावलं. मी रोज घेऊ लागले. एखादा दिवस चुकला की पाकिटातल्या गोळ्या पुन्हा पुन्हा मोजायची.

एके सकाळी बाजारातून परतले, तर सासूने पाकीट चुलीत टाकलेलं.

"पोर नको म्हणान गोळये खातंस?"

माझं डोकंच फिरलं. "पुढच्या पोराची पाठ धड व्हयी म्हणान खातंय मी, आये!"

तिने चुलीत लाकूड सारलं. मग म्हणाली, "पोटात काय नाय, आणि औषध कोणाक? देवीक कौल लावया."

देवळात गुरवाने गाऱ्हाणं घातलं, पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर गोळ्या घ्यायच्या, डावी पडली तर नाही. एकही हलेना. मी बसायची, उठायची, खांबापर्यंत जाऊन परत यायची. देवीने नाही म्हटलं असतं तरी मी घेणारच होते, पण मग घरात राहायचं कसं? राग येत होता, रडूही येत होतं.

सासू टक लावून पाकळ्यांकडे बघत होती. एकाएकी ती उठली.

"देवीक किती येळ त्रास देवचो? त्या पोराची पाठ मी बघितलंय. चल गो, औषधाचा दुकान बंद जायत."

दुकानात गिऱ्हाईकांसमोर तिने ठेवणीतल्या मराठीत सांगितलं, "हिला दिवस जायच्या आधीच्या गोळ्या द्या." लोक हसले. तिने मागे वळूनही पाहिलं नाही.

पुढे मला दिवस गेले. नऊ महिने आम्ही दोघींनीही पाठीचं नाव काढलं नाही.

नर्सने बाळ बाहेर आणलं तेव्हा नवरा मुलगा की मुलगी विचारत होता. सासूने दुपटं सोडलं, बाळाला पालथं घेतलं आणि मानेपासून खाली हळूहळू बोट फिरवत नेलं. मग दारातूनच मला ओरडून सांगितलं, "बंद आसा गो, सगळी बंद आसा!"