टर्कीसाठी बंदूक

मला आजही त्या माणसाचा राग येतो, आणि तो कमी व्हावा अशी माझी इच्छाही नाही.

तो आमच्या कंपनीच्या मालकाचा मोठा मुलगा. अमेरिकेत शिकून परत आला आणि नव्वदच्या दशकाच्या शेवटाकडे वडिलांनी कुवेतमधल्या अर्दियातलं वर्कशॉप त्याच्या हाती दिलं, तेव्हा तो माझा साहेब झाला. मी तिथे पंप आणि कॉम्प्रेसरच्या दुरुस्तीचा इंजिनिअर. नाशिकच्या एका कारखान्यात बरीच वर्षं काढून बायको आणि मुलीसह कुवेतला आलेला. काम मला आवडायचं. तेलाने माखलेलं एखादं यंत्र उघडायचं, त्याचं दुखणं शोधायचं, पुन्हा चालू करायचं. यात कुणाचं काही ऐकून घ्यावं लागत नाही, असं मला वाटायचं.

एका सकाळी माझ्या टेबलावर, कॉम्प्रेसरच्या ड्रॉइंगवरच, त्याने बंदुकांचे चारपाच कॅटलॉग आणून टाकले.

"तू मेकॅनिकल आहेस. यातली कुठली घ्यायची सांग. सेमी-ऑटोमॅटिक हवी. बदकांनाही चालली पाहिजे आणि टर्कीलाही."

"सर, मी आयुष्यात बंदूक हातात धरलेली नाही." जत्रेत फुगे फोडायची छऱ्याची बंदूक धरली होती, पण ते त्याला काय सांगायचं!

"मशीनच आहे. वाच आणि सांग."

"आणि टर्की? कुवेतमध्ये टर्की कुठे आहेत?"

"येतील," तो म्हणाला आणि गेला.

माझं काम बाजूला ठेवून मी ते कॅटलॉग घरी नेले. जेवणाच्या टेबलावर ते पसरलेले बघून बायको म्हणाली, "अहो, आता हे काय? उद्या त्याच्या बुटांचं मापही तुम्हीच घेणार का?" तिचं बरोबर होतं म्हणून मी अधिकच चिडलो. मुलगी मात्र चित्रं बघत बसली आणि "पपा, इज दॅट फॉर रिअल?" असं विचारत राहिली.

वाचल्यावर कळलं की मामला तसा सोपा आहे. चाप ओढला की बार होतो, रिकामं काडतूस आपोआप बाहेर पडतं आणि पुढचं आपोआप आत येतं. मधे हात हलवावा लागत नाही. हे आपोआप घडवायच्या दोन रीती. एकीत जळलेल्या दारूचा थोडा वायू नळीतून काढून घेऊन त्याने दट्ट्या ढकलायचा. अशा बंदुकीचा धक्का खांद्याला सौम्य बसतो, पण आत काजळी साचते. दुसरीत बंदुकीला बसणारा धक्काच एका स्प्रिंगमध्ये साठवून त्यावर काम भागवायचं. ही खांद्याला जोरात लागते, पण आतून स्वच्छ राहते. जिथे वाऱ्याबरोबर पिठासारखी धूळ येते आणि तेलाच्या थेंबाला चिकटून बसते, तिथे काजळी साचणारं यंत्र कशाला घ्यायचं? मी त्याला दुसऱ्या प्रकारची घ्यायला सांगितलं. वर हेही सांगितलं की बदकांना लांब नळी बरी आणि टर्कीला आखूड, पण एकच घ्यायची तर मधली घ्या आणि नळीच्या तोंडात बसवायच्या चोकच्या कड्या बदलत जा. मोकळी कडी लावली की छरे लवकर पसरतात, आवळ लावली की लांबपर्यंत एकत्र राहतात.

तो खूश झाला. माझ्या सुट्टीच्या शुक्रवारी मला घेऊन बंदुकीच्या दुकानात गेला. त्याच्याकडे परवाना होता, आणि मी म्हणजे बरोबर नेलेला पाना किंवा पक्कड. दुकानदाराने बंदूक त्याच्या खांद्याला लावून दस्त्याची लांबी पाहिली, मी कड्या पाहिल्या, खटका पुन्हा पुन्हा ओढून बघितला. सगळं ठरलं, आणि मग त्याने काळा साधा दस्ता नाकारून हिरव्या-तपकिरी पानांच्या नक्षीची बंदूक मागितली. अमेरिकेतल्या जंगलात लपायची नक्षी.

"सर, आपल्याकडे झाडं नाहीत," मी म्हणालो. "वाळूत ही सगळ्यात आधी दिसेल."

"तुला शिकारीतलं काय कळतं?" तो म्हणाला. दुकानदार हसला. आठवडाभर त्याच्यासाठी डोळे फोडून वाचलं ते मला काही कळत नाही म्हणून!

त्यांचं वफ्राला शेत होतं. खजूर, काकडी-टोमॅटोची ग्रीनहाउसं आणि पाणी साठवायचं एक मोठं तळं. हिवाळ्यात तिथे उत्तरेकडून येणारी बदकं उतरायची. शेताची राखण एका देवगडच्या माणसाकडे होती. खरं तर हा सुतार. एका इमारतीच्या सेंटरिंगच्या कामावर म्हणून आला होता, ती इमारत उभी राहिली आणि कंपनीने त्याला "थोडे दिवस" म्हणून शेतावर पाठवलं. ते थोडे दिवस संपलेच नाहीत. पन्नाशीला टेकलेला, बारीक, कमी बोलणारा. आम्ही सगळे त्याला मेस्त्री म्हणायचो. शेतावरचा पंप बिघडला की मी जायचो, तेव्हा तो मला हटकून जेवायला बसवायचा.

पहिल्याच हिवाळ्यात मी काय बघितलं? साहेब काठावर उभं राहून बदकं पाडतोय आणि मेस्त्री जानेवारीच्या थंडीत छातीभर पाण्यात उतरून ती गोळा करून आणतोय. अमेरिकेत म्हणे या कामाला कुत्रा असतो. बंदूक एकदाही अडकली नाही. साहेबाने माझ्या पाठीवर थाप मारली. मेस्त्री बाजूला उभा राहून कुडकुडत पंचा पिळत होता. मी त्याला माझ्या गाडीतलं जाकीट दिलं तर म्हणाला, "नको साहेब, भिजात."

मग टर्की आल्या. पिंजऱ्यातून, विमानाने, लहान पिल्लं. साहेब म्हणाला, यांना वाढवायचं, शेतात मोकळं सोडायचं, रानटी होऊ द्यायचं. रानटी! ज्यांना वाढवायला माणूस ठेवलाय ते पक्षी रानटी कसे होणार, हे त्या अमेरिकेत शिकलेल्या डोक्यात शिरत नव्हतं. पहिल्या उन्हाळ्यात बरीच मेली. उरली ती मेस्त्रीने जगवली. ग्रीनहाउसच्या पंख्याजवळ सावली करून, गोणपाटं भिजवून टांगून. फळ्या जुळवून त्याने त्यांच्यासाठी बसायची शिडी केली, आणि ती इतकी नेटकी की बघून वाटावं, हा माणूस किती दिवसांनी सुतारकाम करतोय! सकाळी तो मक्याचा डबा वाजवून "या गे, या या" अशी हाक मारायचा आणि ती बोजड, बेढब पाखरं खजुरांमधून पळत यायची. एक नर तर त्याच्या पायजम्याची नाडी ओढायचा.

"माणसांपेक्षा बरी," तो एकदा म्हणाला. "बोलावल्यार येतत तरी."

त्यानंतरच्या मार्चमध्ये साहेबाने मित्रांना शिकारीला बोलावलं. बंदूक अडकली तर बघायला म्हणून मलाही. अडकणार नव्हती, हे मला माहीत होतं आणि त्यालाही. पाहुण्यांसमोर एक इंजिनिअर उभा असलेला बरा दिसतो, एवढंच.

सकाळची वेळ. पाहुणे तंबूखाली चहा पीत बसले. साहेब पानांच्या नक्षीचं जाकीट, पानांच्या नक्षीची टोपी आणि तीच बंदूक घेऊन एका खजुराच्या बुंध्याआड बसला. त्याच्याकडे एक लाकडी डबी होती. ती घासली की टर्कीच्या मादीसारखा आवाज निघतो, म्हणजे नर भुलून येतो. तो घासत राहिला. एकही पाखरू आलं नाही. पाहुण्यांमधलं कुणीतरी हसलं.

शेवटी तो वैतागून उठला. बंदूक बुंध्याला टेकवली आणि मेस्त्रीकडे आला. त्याच्या मोडक्या हिंदीत म्हणाला, "मेहमान देखना मांगता. तुम बुलाओ." माझ्याकडे वळून हसत म्हणाला, "आज नशीब नाही. निदान बघू दे लोकांना."

मेस्त्रीला आनंदच झाला. आपली पाखरं पाहुण्यांना दाखवायची म्हणून त्याने कपाळावरचा घाम पुसला, डबा घेतला आणि मोकळ्या जागेत जाऊन वाजवला. "या गे, या या!"

ती आली. नेहमीसारखी, माना पुढे काढून, एकमेकांना ढकलत. पाहुणे टाळ्या वाजवायला लागले. मीही पाखरांकडेच बघत होतो, म्हणून साहेब मागे कधी गेला आणि बंदूक कधी उचलली ते मला दिसलं नाही. एकामागून एक बार झाले, इतके भराभर की मधे श्वास घ्यायला जागा नव्हती. मीच निवडलेलं यंत्र, जसं चालायला हवं तसं चाललं. इतक्या जवळून लागल्यावर पक्ष्याचं पक्षी म्हणून काही उरत नाही. पिसं बराच वेळ खाली येत होती.

मेस्त्री पळाला, पण लांब नाही. जी अजून उभी होती, तिकडे. डबा हातात तसाच. तो त्या पाखरांच्या मधे जाऊन उभा राहिला आणि दोन्ही हात पसरले. साहेबाची बंदूक अजून खांद्यालाच होती.

मी कधी चालायला लागलो मला आठवत नाही. त्याच्या आणि मेस्त्रीच्या मधे जाऊन उभा राहिलो.

"सर, बंदूक खाली करा. समोर माणूस आहे."

"त्याला बाजूला व्हायला सांग."

"नाही सांगणार. आधी काडतुसं काढा."

"मुहंदिस," त्याने इंजिनिअरसाठीचा अरबी शब्द वापरला, "तू कुणाशी बोलतोयस कळतंय ना?"

"कळतंय," मी म्हणालो. "पाळलेली पाखरं फसवून बोलावणाऱ्याशी."

मोठ्याने म्हणालो. इंग्रजीत म्हणालो, म्हणजे सगळ्यांना समजावं. तंबूखालचा एक पाहुणा फस्सकन हसला, आणि माझ्या शब्दांपेक्षा ते हसू साहेबाला जास्त लागलं. त्याने काडतुसं काढून वाळूत फेकली आणि बंदूक ड्रायव्हरच्या हातात कोंबली. "पडलेली तुम्हीच खा," म्हणाला आणि सगळे गाड्या घेऊन निघून गेले.

ती आम्ही खाल्ली नाहीत. मेस्त्रीने ग्रीनहाउसमागे खड्डा खणला. मी दुसरं फावडं घेतलं. तो एकदाच बोलला. "मी हाक मारलंय म्हणान ती इली, साहेब."

दुसऱ्या दिवशी मी सरळ म्हाताऱ्या मालकाकडे गेलो. घरी बायकोला सांगितलं होतं, कदाचित सामान बांधावं लागेल. ती म्हणाली, "बांधू की. पण न बोलता येऊ नका."

म्हाताऱ्याने सगळं शांतपणे ऐकलं. मग म्हणाला, "पक्षी त्याचे. शेत आमचं. परवाना आहे. मग तक्रार काय?"

"समोर माणूस उभा होता, सर. बंदूक खांद्याला होती."

"किती जवळ?"

मी त्याच्या खोलीचं दार दाखवलं. तो दाराकडे बघत राहिला. मग फोन उचलून अरबीत दोन वाक्यं बोलला. मेस्त्रीला शेतावरून काढून कंपनीच्या अम्गराच्या लाकूडकामाच्या शेडमध्ये पाठवायचं. फोन ठेवून मला म्हणाला, "आणि तू माझ्या मुलाचा पाहुण्यांसमोर अपमान करायला नको होतास."

मी माफी मागितली नाही. त्यानेही तो विषय पुन्हा काढला नाही.

उरलेल्या टर्की पिकअपमध्ये भरून बाजारात नेऊन विकल्या, असं नंतर ड्रायव्हरकडून कळलं. साहेब माझ्याशी सेक्रेटरीमार्फतच बोलायला लागला. माझं काही बिघडलं नाही.

काही महिन्यांनी मी अम्गराला मेस्त्रीला भेटायला गेलो. तो एका दाराच्या चौकटीला रंधा मारत होता. हात पूर्वीसारखे चालत होते. त्याचं काँट्रॅक्ट संपत आलं होतं, तो कायमचा घरी चालला होता.

"तुमी अजून त्येचो राग धरून आसात?" त्याने विचारलं.

"हो. तुम्हाला नाही येत?"

तो थांबला. रंध्यात अडकलेलं सालपट काढलं. "माका त्येचो नाय येणा. माका त्या पाखरांचो इलो. दुसऱ्या सकाळी मी हाक मारूक नाय, डबोव वाजवूक नाय. तरी इली. माझ्याच पायाशी. आता सांगा, तेंका काय म्हणायचा?"

त्याने रंधा पुन्हा चौकटीवर ठेवला.

दुसरी नोकरी मिळाल्यावर मी ती कंपनी सोडली. दुसरीकडे जायची परवानगी देणाऱ्या रिलीजच्या कागदावर सही करताना साहेबाने मान वर केली नाही. कागद हातात घेताना माझ्या तोंडून सवयीने "थँक यू, सर" निघून गेलं. घरी पोचेपर्यंत मी गाडीत स्वतःशीच शिव्या देत होतो, आणि सिग्नलला शेजारच्या गाडीतला माणूस माझ्याकडे वळून वळून बघत होता.