मंजुरी आणि जमा

आमच्या घरात ज्वारीच्या पोत्याशेजारी वडील गावोगाव वाटायचे त्या पत्रकांचे गठ्ठे असायचे. मी वाचायला शिकलो ते त्यांच्यावरच. वडील सांगायचे, पत्रकात एक वाक्य खोटं गेलं की खरी दहा वाया जातात. हे माहीत असून मी तसं एक वाक्य लिहिलं.

मोबाइलला जोडायचं कार्डाचं मशीन विकणाऱ्या एका कंपनीत मला परभणीत काम मिळालं. मशीनच्या पाठीवर चिकटवायला मराठीत शब्दांचे अर्थ लिहायचे. मी मन लावून लिहिले. मंजुरी: गिऱ्हाइकाच्या बँकेनं हो म्हटलं, पैसे अजून तुमचे झाले नाहीत. जमा: पैसे तुमच्या खात्यात आले; याला एक दिवस लागतो, तपासणी निघाली तर जास्त. साहेबांनी दोन्हींवर काट मारली. एवढं वाचून कोण मशीन घेईल, म्हणाले. दोन दिवस मी धुमसलो आणि तिसऱ्या दिवशी लिहून दिलं: ‘हिरवी खूण आली की पैसे आले.’

पालमच्या बाजारात मेंढरं राखणाऱ्या एका मावशींना मशीन मीच दिलं, ती ओळ मीच वाचून दाखवली. शेरडांच्या बाजाराचा एक नेम आहे. पैसा मिळाला की विकणारा जनावराचं दावं घेणाऱ्याच्या हातात देतो, आणि दिलेलं दावं कोणी परत मागत नाही. मावशींच्या कोकरांना हगवण लागली होती. औषधासाठी त्यांनी दोन बोकड विकले. मटणवाल्यानं कार्ड लावलं, हिरवी खूण आली, मावशींनी दावी देऊन टाकली.

खात्यात काहीच नव्हतं. पहिलाच मोठा व्यवहार म्हणून कंपनीनं तो तपासणीला अडवला होता. औषधवाल्याला मावशींनी हिरवी खूण दाखवली, तर तो म्हणाला, चित्रावर औषध मिळत नाही.

चौथ्या दिवशी पैसे जमा झाले. तोवर तीन कोकरं मेली होती.

मी साहेबांना सांगायला गेलो तेव्हा ते जेवत होते. बोटं चाटत म्हणाले, “पैसे बुडाले का? नाही ना? मग मशीन बरोबर चाललं.” मला त्या बोटांची शिसारी आली. त्याहून जास्त माझ्या बोटांची. ती ओळ माझ्याच बोटांनी लिहिली होती. त्याच दिवशी काम सोडलं.

पालमला गेलो तेव्हा मावशी भांडतील असं वाटलं होतं. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, “मशीनला काय कळायलंय? लिवलंय तुमी.”

पुढच्या बाजारी मी माझ्या खर्चानं छापलेलं पत्रक वाटत उभा राहिलो: मंजुरी म्हणजे पैसे नव्हेत. खात्यात जमा झाल्याशिवाय दावं सोडू नका. मावशींनी ते माझ्याकडून वाचून घेतलं. तेवढ्यात तोच मटणवाला कार्ड घेऊन आला. मावशी म्हणाल्या, कार्ड लावा, पण पैसे जमा होऊ द्या, मग बोकड न्या. तो माझ्याकडे बघून हसला.

“उद्यापस्तोर बोकड काय ह्यो लेखक सांभाळणार हाय का?”

“सांभाळतील की,” मावशी म्हणाल्या, आणि दावं माझ्या हातात दिलं.

मी ते धरलं. बोकडानं उरलेली पत्रकं चघळून टाकली. दुसऱ्या दिवशी दुपारी पैसे खात्यात आले, मावशींनी मान हलवली, तेव्हाच मी दावं सोडलं.