मोतीबाईचा दरवाजा आणि धाकलूची मिशी

“मिशी? पैजंला मिशी लावलीस? आरं धाकल्या, मी जित्ता हाय ना अजून! आत्ता तुज्या म्होरं चाय पिलो, दोन बिस्किटं बुरवून खाल्ली!”

“बाबा, तोंडातून निंगलं.”

“निंगलं म्हंजे? तोंड हाय का फुटका नल? पैज हरलास त मिशी काढशील. मिशी काढलीस त लोकं बोलतील, सदू गेला! मंग मी काय आख्ख्या मोरिवलीत फिरून सांगू, का बाबांनो, मी नाय गेलो?”

“हरलो त ना!”

“आनि मी खराच जाईन तवा काय उतरशील? भुवया?”

धाकलूनं तोंडावर मास्क चढवला आणि कॉम्प्रेसर चालू केला. कॉम्प्रेसरच्या धडधडीत बापाचं बोलणं ऐकू येत नाही, हा त्या यंत्राचा रंगकामापेक्षा मोठा उपयोग.

म्हातारा खोटं बोलत नव्हता. आमच्याकडं माणूस मिशी उतरवतो ती बाप गेल्यावर. बाप हयात असताना मिशी काढणं म्हणजे त्याला खाटेवरून उचलून सरळ तिरडीवर ठेवण्यासारखं. आणि सदूबाबा तर ऐंशी ओलांडूनही सुक्या बोंबलाची चटणी अशी खायचा, की शेजारच्या तरण्यांना ठसका लागायचा.

धाकलू मोरिवलीचाच. एकोणिसाव्या वर्षी पंख्याच्या कारखान्यात पात्यांना रंग मारायला लागला, तो कारखाना बंद झाल्यावर त्यानं त्याच्याच भिंतीलगत पत्र्याची शेड टाकून गाड्या रंगवायला घेतल्या. साधा रंग कुणीही मारील. धाकलूचं नाव होतं ते मेटॅलिकसाठी. मेटॅलिक म्हणजे रंगात चकाकणारा बारीक दाणा असतो, तो समोरून एक दिसतो आणि तिरकं बघितलं की दुसराच. कंपनीनं दिलेली इंग्रजी नावं त्याला पाठ होती, पण तो ती वापरायचा नाही. तो म्हणायचा, चकाकीचा रंग देवानं एकदाच केला, माशाच्या अंगावर. बाकी सगळ्यांनी नक्कल मारली. त्यामुळं त्याच्या शेडमध्ये चंदेरी गाडी ‘पापलेट’, निळसर हिरवी ‘बांगडा’ आणि काळपट ‘हलवा’. बँकेचे साहेब येऊन विचारायचे, “माझा हलवा झाला का?” आणि बाहेर उभं असलेलं गिऱ्हाईक जीभ चाटायचं.

अशा माणसाची गाठ मोतीबाईशी पडली, तेव्हा कुठंतरी ठिणगी उडणारच होती.

मोतीबाई कुळगावच्या बाजारात मासळी विकते. बत्तीस वर्षं विकते आणि त्यातली सहा वर्षं स्वतःची गाडी स्वतः चालवत बाजारात येते. नऊवारीचा काष्टा, डोळ्यावर काळा चष्मा आणि हात खिडकीबाहेर. गाडी जुनी, वीस वर्षांची, सोनेरी. मासळी टेम्पोनं येते. गाडीत ती सुकटीचं पाकीटसुद्धा चढू देत नाही. त्या गाडीचा डाव्या अंगाचा मागचा दरवाजा एका टेम्पोनं चेपला. तिनं उल्हासनगरच्या भंगारातून दुसरा दरवाजा आणून बसवला आणि जवळच्याच कुणाकडून कंपनीच्या रंगाच्या नंबरानं रंगवून घेतला. मग गाडी घेऊन धाकलूच्या शेडसमोर उभी राहिली.

“बग,” ती म्हणाली. “सगली गारी मांदेली, आनि ह्यो दरवाजा पिवली डाल.”

“नंबर बराबर हाय,” धाकलू म्हणाला. “पन नंबर कारखान्यातून निंगालेल्या गारीचा. तुजी गारी वीस वर्सं ऊन खाते. मी करीन तो असा करीन, का तुना बी ओलखाचा नाय.”

“मना? मी लांबून सांगते मासा कंच्या दिवशीचा!”

“आन तुजी डोलं! ओलखलास त मिशी काढीन!”

चहाच्या टपरीवर सात-आठ जण होते. ‘मिशी’ हा शब्द ऐकल्यावर टपरीवाल्यानं स्टोव्ह बारीक केला.

मोतीबाईनं चष्मा काढला. “मना ठाव हाय कंचा दरवाजा. मी नाय ओलखनार. माजी नणंद विठा ओलखंल. तिना काय म्हाईत नाय. गुरवारी आनते. एकच बोट ठेवील.”

विठाचं नाव ऐकल्यावर धाकलूच्या मिशीचे केस उभे राहिले म्हणतात. विठा बाजारात बर्फाची पाटी उघडल्याबरोबर सांगायची, हा मासा रात्रीचा, हा पहाटेचा, हा मालक खोटारडा.

गुरुवारला चार दिवस होते.

धाकलू ती गाडी घेऊन पहिल्यांदा उल्हासनगरला हरेशच्या रंगाच्या दुकानात गेला. हरेशनं नवीन कॅमेरा घेतला होता, गाडीला चिकटवला की रंगाचं माप सांगणारा. “धाकलू साईं, मशीन झूठ नहीं बोलती,” म्हणत त्यानं एक डबा बनवून दिला. धाकलूनं पत्र्याच्या तुकड्यावर मारून बघितला. समोरून अगदी तोच. तिरकं बघितलं तर गाडी सोनेरी आणि पत्रा शेणाचा.

“मशीन झूठ नाय बोलत,” धाकलू फोनवर म्हणाला, “पन समोरासमोरच बोलतंय. मान वाकडी करून बगत नाय.”

“साईं, गिऱ्हाईक बी मान वाकडी करून कशाला बघेल?”

“माजं गिऱ्हाईक विठा हाय!”

मंगळवारी त्यानं सगळी गाडी पॉलिश लावून घासली, कारखान्यांच्या धुराचा थर निघून खरा रंग वर येईपर्यंत. मग बाजारातून ताज्या, बोटभर सोनेरी मांदेल्या आणल्या आणि बोनेटवर ओळीनं मांडल्या. मांदेली जास्त चकाकत होती, गाडी कमी. धाकलू स्टूल घेऊन समोर बसला. अकरा वाजले, बारा वाजले. माश्या जमल्या. दोन मांजरं सदूबाबानं काठीनं हाकलली, तिसरं एक मांदेली घेऊन गेलं. बापलेक दोघं डोळे फाडून बघत बसलेले.

दोनच्या सुमाराला सोन्यात मातकट झाक उतरली आणि धाकलू स्टुलावरून उडाला. “बाबा! हीच! कंपनीची गारी म्हंजे सकालची मांदेली. मोतीबायची म्हंजे दुपारी दोनची!”

“मंग आता ती खायाची नाय,” बाबा म्हणाला. त्याला दुःख तेवढंच झालं.

धाकलूनं दाणा कमी केला, थेंबभर काळा, दोन थेंब मातकट पिवळा. एक तुकडा, दुसरा तुकडा, बारावा तुकडा. उन्हात धरायचा, सावलीत धरायचा, मान वाकडी करायचा. बुधवारभर त्यानं मास्क काढला नाही, पाणीसुद्धा मास्क जरासा उचलून प्यायला. आणि तिथंच घोटाळा झाला.

कुणीतरी रस्त्यावरून बघितलं. धाकलूनं तोंड झाकलंय. तोंड का झाकलंय? मिशी उतरवली असणार. मिशी का उतरवली? पैज तर उद्या आहे. म्हणजे...

संध्याकाळी साडेपाचला कात्रपहून चंदू आला. चंदू म्हणजे धाकलूचा चुलतभाऊ. डोक्यावर पांढरी टोपी, हातात पिठलं-भाकरीचा डबा. सुतकाच्या घरी चूल पेटत नाही, म्हणून नातलगांनी जेवण न्यायचं असतं. चेहरा असा पाडलेला, की खालचा ओठ शर्टाच्या गुंडीला लागत होता.

“कवा गेला सदूबाबा?” त्यानं धाकलूच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं.

“संडासला गेला. येलच आत्ता.”

तेवढ्यात मागून बाबा आला, लोटा हातात. चंदूच्या हातून डबा निसटता निसटता राहिला.

“काय रं चंद्या, टोपी कना घातलीस? कोन गेलं?”

चंदूनं डबा पुढं केला. बाबानं डब्याचं झाकण उघडलं, वास घेतला आणि खाली बसला. “मेल्यावर मना थोरीच मिलनार हाय ही. बैस, कांदा फोर.”

हसता हसता धाकलूची रंग फवारायची गन हातातून सुटली असती. त्यानं ती टेकवली, हात धुतले, आणि उन्हं उतरायच्या आत दरवाज्यावर शेवटचा हात मारला. गन थोडी लांब धरून, अर्धा हवेतच सुकणारा कोरडा हात, दाणा आडवा निजू न देता. शेजारच्या दरवाज्याच्या कडेवरही एक फुंकर, म्हणजे जोड राहू नये. वर क्लिअर, म्हणजे बिनरंगी चकाकीचा थर.

गुरुवारी दहाला मोतीबाई विठाला घेऊन आली. टपरी रिकामी, सगळे शेडमध्ये. विठा बुटकी, जाड भिंगाचा चष्मा. ते भिंग बघून धाकलूला क्षणभर धीर आला, पण तिनं चष्मा काढून कमरेला खोचला.

ती गाडीभोवती फिरली. बसून बघितलं, उभी राहून बघितलं. डाव्या मागच्या दरवाज्यापाशी थांबली. धाकलूनं मिशीवर हात ठेवला. सदूबाबानं डोळे मिटले, जणू जाण्याची तयारीच.

विठा पुढं सरकली. बोनेटला वळसा घातला आणि उजव्या पुढच्या दरवाज्यावर बोट ठेवलं. “ह्यो. ह्यो दुसऱ्या पाटीतला.”

शेड दणाणली. कुणी पत्रे बडवले. चंदूनं टोपी उडवली. धाकलू बापाला मिठी मारायला धावला, तर बाबा म्हणाला, “लांब हो, क्लिअरचा वास येतोय.”

“थांबा!” मोतीबाई ओरडली. “ह्यो कसा दुसरा? ही गारी मी कंपनीच्या रंगाची म्हनून घेतलीय!”

धाकलूनं दरवाज्याच्या कडेचं रबर नखानं उचललं. आत चिकटपट्टी लावून रंग मारल्याची रेघ, आणि रेघेखाली जुना सोनेरी. हा दरवाजा मोतीबाईकडं यायच्या आधीच कुणीतरी रंगवला होता. धाकलूनं तो स्वतःच्या हातानं दोनदा घासला होता, आणि त्याला कळलं नव्हतं.

“म्हंजे विठानं ओलखला रंगवलेला दरवाजा!” मोतीबाई म्हणाली. “मिशी उतर!”

“मी रंगवलेला नाय ओलखला!” धाकलू म्हणाला.

“रंगवलेला त हाय ना!”

टपरीचे दोन तट पडले. न्हावी बोलवावा असं एकजण म्हणाला, त्याला बाबानं काठी दाखवली. शेवटी मोतीबाईनंच नणंदेला विचारलं, “वन्स, तुमी बोला. ही डावी बाजू कशी हाय?”

विठानं पुन्हा डावीकडं जाऊन मान वाकडी केली. तिला खोटं बोलता येत नव्हतं, भावजयीसाठीसुद्धा. “ही सगली एका जाल्यातली,” ती म्हणाली. “दुपारची, पन एका जाल्यातली.”

धाकलूनं दोन्ही हातांनी मिशी चोळली आणि नाचला. पन्नाशीतला माणूस, पोटासकट. सदूबाबानं टपरीवाल्याला हाक मारली, “चाय आन! मी ऱ्हायलो!”

नाच थांबल्यावर धाकलू विठापाशी गेला. “मावशे, मना नाय दिसला ह्यो दरवाजा. तुना कसा दिसला?”

“तू तुज्याच दरवाज्याकडं बगत व्हतास,” विठा म्हणाली आणि चष्मा लावला.

मोतीबाईनं गाडीची किल्ली धाकलूच्या हातात आपटली. “आता ह्यो बी कर. शनवारी मना गारी पायजे.”

“शनवारी नाय. सोमवारी.”

“मिशीवाल्या, शनवारी!”

धाकलूनं मास्क चढवला, बादलीत वॉटर पेपर भिजवला आणि उजव्या पुढच्या दरवाज्याशी उकिडवा बसून घासायला लागला.