दुसऱ्याच्या वाट्याची शिक्षा

वसमतच्या हळदीच्या गोदामात लक्ष्मीबाईला सगळे वचकून असत. बायका ओळीने बसून हळकुंडं निवडायच्या आणि मुकादम कुणाला वाकडं बोलला, की ही हातातलं सूप खाली ठेवून उभी राहायची. फार बोलायची नाही, पण बोलली की बाहेरच्या हमालांनाही ऐकू जायचं. नवरा किडनीच्या दुखण्याने गेला. मागे उरली ती आणि तिचा एकुलता एक मुलगा जळबा. तिच्या आजेसासऱ्याने मिशनच्या काळात बाप्तिस्मा घेतला होता; देव बदलला, तरी घरातली नावं जुनीच राहिली. रविवारी धुतलेलं पातळ नेसून ती चर्चला जायची आणि गाण्यात तिचा आवाज पेटीच्या वर चढायचा.

जळबा गोदामाच्या मालकाकडे, विश्वंभरशेठकडे, गाडीवर ड्रायव्हर होता. या शेठचा घरावर मोठा उपकार होता. नवऱ्याचं दुखणं वाढलं, तेव्हा शेठने स्वतःच्या गाडीतून त्याला नांदेडच्या दवाखान्यात नेलं होतं, तेही एकदा नव्हे, अनेकदा. माणूस वाचला नाही, पण उपकार घरातच राहिला. लक्ष्मीबाई स्वतः म्हणायची, शेठचं आमी फेडू शकत न्हाई. पुढे तिला या वाक्याची चीड आली, आपल्याच तोंडातून निघालं म्हणून जास्तच.

शेठचा मुलगा अनिरुद्ध मित्राच्या साखरपुड्याला कळमनुरीला गेला होता. येताना तो शंकरसिंगच्या ढाब्यावर थांबला, प्यायला, आणि निघताना त्याने जळबाच्या हातातून किल्ली काढून घेतली. जळबा नको म्हणाला. अनिरुद्धने त्याला बाजूच्या सीटवर बसवलं. कळमनुरी सोडून थोडंच पुढे आले असतील, तोच समोरून मोटरसायकलवर येणारा एक मुलगा गाडीखाली आला. आयुष त्याचं नाव. फार्मसी कॉलेजातून घरी निघाला होता. जागेवर गेला.

अनिरुद्धने बापाला फोन लावला. बापाने फोन जळबाकडे द्यायला सांगितला. अनिरुद्धचं आयुष्य बरबाद होईल, शेठ म्हणाले, तू ड्रायव्हरच हाईस, ड्रायव्हरच्या हातून असं व्हतंच असतं, वरचं मी बघून घेतो. आणि मग हळूच, तुझ्या बापाच्या टायमाला मी मागंपुढं पाहिलं न्हवतं, जळबा. पोलीस येईपर्यंत जळबा स्टिअरिंगमागे बसला होता. त्याने कोर्टात गुन्हा कबूल केला. कोर्टाने त्याला दीड वर्षाची शिक्षा दिली.

परभणीच्या जेलात भेटायला गेल्यावर जाळीपलीकडून त्याने आईला खरं सांगितलं. ती तिथेच ओरडणार होती. त्याने हात जोडले. दादासाठी केलं म्हणाला. बापाला तो दादाच म्हणायचा. कुणाला सांगू नको, आता झालं ते झालं. लक्ष्मीबाई दात आवळून परत आली. गोदामात बसायची, हळकुंडं निवडायची, शेठ आत आले की मान वर करायची नाही. वस्तीत मात्र हळूहळू सगळ्यांना कळलं होतं. मोठ्याने कुणी बोलत नव्हतं, एवढंच.

अशात उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे, आला.

चर्चचे पाळक प्रेमदास तरुण होते, बाहेरून शिकून आलेले, मनाने चांगले. लेकरं आजारी पडली तर रिक्षा करून स्वतः दवाखान्यात घेऊन जायचे. त्या दिवशी ते वधस्तंभावर बोलत होते. देव न्यायी आहे, पापाला शिक्षा व्हायलाच पाहिजे, आणि ती शिक्षा आपल्यावर यायची ती देवाने निष्पाप पुत्रावर घातली. देवाचा क्रोध त्याच्या रक्ताने शांत झाला. इथवर लक्ष्मीबाईने हे शंभरदा ऐकलं होतं. मग पाळक म्हणाले, फार लांब जायला नको, आपल्याच गावात एक असा सेवक आहे, ज्याने धन्याच्या मुलाचा गुन्हा आपल्या अंगावर घेतला, आणि आज तो त्याच्या जागी तुरुंगात आहे. तो निष्पाप आहे. हीच ख्रिस्ताची प्रीती.

सगळ्या सतरंज्यांवरून माना वळल्या. कुणीतरी कौतुकाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. लक्ष्मीबाईने तो हात झटकला आणि उभी राहिली.

"पाळकसाहेब, एक इचारते. जज्जाला ठाऊक असतं की गाडी कोण चालवत व्हता, आन तरी त्यानं माझ्या पोराला आत टाकलं असतं, तर त्या जज्जाला तुमी काय म्हणले असते?"

पाळक गडबडले. बाई, उपासना चालू आहे, नंतर बोलू, असं काहीतरी म्हणाले.

"बेइमान म्हणले असते. मंग देवाला ठाऊक असून त्यानं तेच केलं, तर त्याला न्यायी काहून म्हणता?"

पेटीवाल्याने भात्यावरचा हात काढला. ती चपला न घालताच बाहेर पडली आणि तापलेल्या डांबरावरून घरापर्यंत तशीच चालत गेली.

चर्चच्या मंडळीत दुपारपासून जुंपली. एक जण म्हणे, बाईने वधस्तंभाचा अपमान केला, तिला काही दिवस प्रभुभोजनाची भाकर देऊ नये. दुसरा म्हणे, विचारलं ते खोटं कुठे आहे? कॉलेजातली पोरं म्हणू लागली, ख्रिस्ताने आपला जीव खंडणी म्हणून दिला असं आपण शास्त्रात रोज वाचतो, पण खंडणी तर गुंड मागतो, मग देवाने ती कुणाला दिली? सैतानाला, की स्वतःलाच? म्हाताऱ्यांनी त्यांना गप्प बसवलं. ज्यांनी कधी प्रवचनाकडे नीट लक्ष दिलं नव्हतं, तेही चहाच्या टपरीवर प्रायश्चित्तावरून हमरीतुमरीवर आले. लक्ष्मीबाईला हे शेजारणीकडून कळलं, तेव्हा तिला अधिकच संताप आला. तिचा पोरगा आत होता आणि यांना वाद घालायला विषय मिळाला होता.

दुसऱ्या दिवशी पाळक तिच्या घरी आले. सोबत ग्यानोबा मास्तर होते, मंडळीतले सगळ्यात जुने माणूस, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले. लक्ष्मीबाईने पाणी दिलं, चहा ठेवला नाही.

पाळकांनी आधी माफी मागितली. तिला न विचारता तिच्या घरातली गोष्ट सांगितली, हे चुकलं म्हणाले. पण शिकवणीवरून ते हटले नाहीत. शिक्षा झालीच पाहिजे, हे सोडलं तर उरतं काय, असं त्यांनी तिला विचारलं. देव नुसता जाऊ दे म्हणाला, तर जो मेला त्याच्या जिवाची किंमत शून्य झाली. देव पापावर चिडतो, कारण त्याला मेलेल्याची पर्वा आहे.

हे तिला पटलं, आणि पटलं म्हणून ती चरफडली. व्हय, देवाने चिडावंच. पण चिडून भलत्यालाच मारावं?

तेव्हा ग्यानोबा मास्तर बोलले. ते सावकाश बोलायचे. त्यांचं म्हणणं असं, की आपण बापाला एकीकडे आणि पुत्राला दुसरीकडे उभं करतो, तिथेच घोटाळा होतो. बाप खुर्चीवर बसून दुसऱ्या कुणाला फासावर देतोय, असं ते नाही. जो न्याय करणार, तोच खाली उतरला. त्याने कुणा तिसऱ्याला पाठवलं नाही. "आन जळबाचं तसं न्हाई, लक्ष्मी. जळबाला शेठनं बसवलं. स्वतः शेठ बसले असते पोराच्या जागी, तर येगळी गोष्ट झाली असती."

"तरी गोष्ट खोटीच झाली असती की," ती म्हणाली. "पोरगं तर मोकळंच फिरलं असतं."

पाळक म्हणाले, ख्रिस्ताने खोटं सांगून कुणाला मोकळं केलं नाही. पापी माणसाने आधी आपलं पाप कबूल करायचं असतं. मास्तर म्हणाले, मग आपण फक्त शिक्षेचं का सांगतो, कबुलीचं का नाही? दोघांत पुन्हा सुरू झालं. एक देवाच्या पवित्रपणावर अडला होता, दुसरा देवाच्या दयेवर. लक्ष्मीबाई चुलीजवळ बसून ऐकत होती. ऐकता ऐकता तिच्या ध्यानात एक गोष्ट आली आणि तिच्या अंगाचा तिळपापड झाला. कालपासून सगळी मंडळी बोलत होती. देव कसा, पुत्र कसा, जज्ज कसा, जळबा कसा. मेलेल्या पोराचं नाव एकाच्याही तोंडात आलं नव्हतं. तिच्याही नाही.

तिने दोघांना घराबाहेर काढलं. मंगळवारी गोदामाला दांडी मारून ती कळमनुरीच्या एसटीत बसली.

आयुषची आई धुरपताबाई गावाबाहेर बौद्ध वस्तीत राहायची. भिंतीवर बाबासाहेब आणि बुद्धाच्या तसबिरी, त्यांच्या शेजारी नवी चौकट, आयुषची. लक्ष्मीबाईने दारातच सांगितलं, मी जळबाची आई. धुरपताबाईने तोंड उघडलं आणि जे बोलली ते लक्ष्मीबाईने उभ्यानेच ऐकून घेतलं. तुझ्या पोराचं वाटोळं होवो, तुझ्या घरात दिवा लावायला कुणी न उरो. बोलून दमल्यावर धुरपताबाईने विचारलं, कशाला आलीस, माफी मागायला?

"न्हाई. गाडी माझ्या पोरानं चालवलीच न्हाई, हे सांगायला."

तिने ढाब्यापासून फोनपर्यंत सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं, ऐकून बाई थोडी निवेल, पोराला दिलेले शाप परत घेईल. धुरपताबाई निवली नाही. ती उठून लक्ष्मीबाईच्या अगदी जवळ आली.

"म्हणजे तुझा पोरगा शेजारी बसला व्हता. त्यानं सगळं पाह्यलं. आन कोर्टात माझ्या समोर हुभा राहून खोटं बोलला. माझं लेकरू कोणी मारलं, एवढं तरी मला कळायला पाहिजे व्हतं का न्हाई? ते बी तुमी खाल्लं."

जळबाने उपकार फेडला होता, पण तो फेडताना त्याने या बाईच्या घरातून काहीतरी उचलून शेठच्या घरी नेऊन ठेवलं होतं, आणि आई म्हणून लक्ष्मीबाईने ते गपगुमान बघितलं होतं. परत येताना एसटीत तिला रडू आलं नाही. राग आला, आधी शेठचा, मग पाळकांचा, मग स्वतःचा. वसमत येईपर्यंत तो सगळा जळबावर येऊन थांबला.

जेलात जाळीपलीकडून जळबा नेहमीसारखा हसला. तिने त्याला तब्येत विचारली नाही. तू कळमनुरीच्या बाईचा गुन्हेगार हाईस म्हणाली. तो म्हणाला, आई, मी तर कुणाचंच वाईट केलं न्हाई, मी दुसऱ्याचं अंगावर घेतलं, चर्चमधी पाळकांनी पण चांगलं म्हणलं म्हणे. ही बातमी त्याच्यापर्यंत पोचली होती आणि त्याला ती गोड लागली होती, हे पाहून तिने जाळीवर मूठ आपटली. शिपाई पुढे आला.

"तू येशू न्हाईस," ती म्हणाली. "येशूनं खोटी साक्ष दिली न्हाई. तू पोरगं मारणाऱ्याला लपवून बसलास. दादाला मधी आणू नको. दादा असता, तर त्यानं तुला पायताणानं मारलं असतं."

जळबा चिडला. तुला काय कळतंय, आता बदललं तर मलाच वाढीव शिक्षा होईल, शेठ आपल्याला गावात राहू देणार न्हाईत. ती म्हणाली, मंग गाव सोडू. पुढच्या भेटीला तो बाहेरच आला नाही. त्याच्या पुढच्याला आला, पण बोलला नाही. ती दर खेपेला गेली आणि दर खेपेला तेच म्हणाली. शेवटी एकदा त्यानेच विचारलं, त्या पोराचं नाव काय व्हतं? खटला चालू असताना त्याने ते ऐकलं होतं, लक्षात ठेवलं नव्हतं. लक्ष्मीबाईने सांगितलं. त्या दिवशी तो ताठ मानेने आत गेला नाही.

त्याने वकिलामार्फत वरच्या कोर्टात नवा जबाब दिला. धुरपताबाईनेही आपल्याकडून अर्ज केला. ढाब्याचा शंकरसिंग आधी मला काही आठवत नाही म्हणाला. धुरपताबाई दोनतीनदा त्याच्या ढाब्यासमोर जाऊन नुसती उभी राहिली, तेव्हा त्याला आठवलं, किल्ली कुणी घेतली ते. अनिरुद्धवर गुन्हा दाखल झाला. तो जामिनावर सुटला आणि खटला अजून चालू आहे. जळबाची शिक्षा भरतच आली होती. तो बाहेर आला, पण खोट्या कबुलीचं प्रकरण त्याच्यावर आहेच. कळमनुरीला जाऊन तो धुरपताबाईच्या पायाशी बसला. तिने त्याला ऊठ म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. शेजारच्या बाईने शेवटी त्याला पाणी दिलं.

गोदामाचं काम लक्ष्मीबाईने आपणहून सोडलं. आता ती दुसऱ्यांच्या शेतात हळद काढायला जाते. मंडळीतले काही जण तिच्याशी बोलत नाहीत. पाळक प्रेमदास बोलतात. शिकवण त्यांनी बदललेली नाही. ग्यानोबा मास्तरांशी त्यांचा वाद अजून चालतो, आणि रागाच्या भरात ती मधेच दोघांनाही सुनावते. देवाचा क्रोध शांत झाला, असं पाळक म्हणाले की ती खालून म्हणते, झाला असंल त्याचा, धुरपताबाईचा झालेला न्हाई. प्रभुभोजनाला ती पुढे जाते, भाकर घेते, डोळे मिटते. तेव्हा तिच्या मनात काय चालतं, ते तिने कुणाला सांगितलेलं नाही.

परवा अनिरुद्धची आई तिच्या दारात आली होती. मोटार लांब उभी करून, डोक्यावर पदर घेऊन. तिने फार विनवलं. तुमच्या धर्मात माफ करायला सांगितलं आहे, तेवढं एक माफ केलं म्हणा, पोराला झोप लागत नाही, असं म्हणाली. लक्ष्मीबाई ओट्यावर मिरच्या खुडत होती. ती उठली नाही.

"माझ्याकडं कशाला आल्या? माझं लेकरू जित्तं हाय. कळमनुरीची एसटी थोड्या येळानं सुटंल. पण तुमाला मोटार हाय."

बाई मोटारीत जाऊन बसली. मोटार कोणत्या रस्त्याने गेली, हे बघायला लक्ष्मीबाई बाहेर आली नाही.